गिटारच्या आत ट्यूनर बसवायचा आहे: कधी, कुठे आणि कसा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: स्ट्रॅट (फेंडर स्ट्रॅटोकास्टर) धाटणीची, तीन सिंगल कॉइल (एकेरी वेटोळ्याच्या) पिकअपची इलेक्ट्रिक गिटार आहे. ऑर्केस्ट्रात वाजवता. दोन गाण्यांच्या मध्ये निवेदक बोलत असतो तेवढ्या वेळात सूर तपासायचा असतो. हेडस्टॉकला, म्हणजे खुंट्यांच्या टोकाला लावलेला क्लिपवाला ट्यूनर मागे बेस आणि ढोलकी सुरू असली की भलतेच स्वर दाखवतो. म्हणून गिटारच्या आतच ट्यूनर बसवायचा विचार आहे. घरी जमेल का, आणि आवाज बिघडेल का, हे विचारलंय.

घरी जमतं. दोन तारांना डाग देता (सोल्डर करता) येत असतील तर ट्यूनर चालू करणं फारसं अवघड नाही. अवघड असतं ते ट्यूनर बंद असताना गिटार पूर्वीसारखीच वाजणं. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या अशा गिटारींत बहुतेक वेळा ट्यूनर छान चालत असतो आणि गिटारचा आवाज मात्र ब्लँकेटखालून आल्यासारखा झालेला असतो. म्हणून खालचं सगळं उत्तर त्याच एका मुद्द्याभोवती आहे.

आधी एक खात्री करून घ्या. ट्यूनर सूर दाखवतो, धरून ठेवत नाही. कार्यक्रमात दर दोन गाण्यांनी गिटार उतरत असेल तर दोष बहुधा दुसरीकडे असतो. तारा नव्या असतील आणि ताणून बसवलेल्या नसतील तर त्या उतरणारच. नटच्या (खुंट्यांकडच्या पट्टीच्या) खाचेत तार अडकत असेल तर बेंड केल्यावर, म्हणजे बोटाने ओढल्यावर, ती परत जागेवर येत नाही. खुंटी फिरवताना ‘टिक’ असा बारीक आवाज आला आणि सूर एकदम उडी मारून वर गेला, तर समजा तिथेच अडकतेय. खाचेत पेन्सिलीचं शिसं घासलं तरी बराच फरक पडतो. ट्रेमोलोचा (ब्रिज हलवून सूर वरखाली करण्याचा) दांडा वापरत असाल तर सहाही तारा एकदम इकडेतिकडे होतात. एसी हॉलमधून उघड्या मंडपात, वर दिव्यांची झळ, अशा ठिकाणी गेलात की तारा तापून सैलावतात आणि सूर खाली येतो. याला इलाज नाही, तपासत राहणं एवढंच हातात आहे. यातलं काही नसेल आणि अडचण खरोखर फक्त ‘गोंगाटात दिसत नाही’ एवढीच असेल, तर पुढे वाचा.

क्लिपवाला ट्यूनर भरकटतो कारण त्यातली पिझो चकती (कंपाची वीज करणारी) लाकडाचा कंप वाचते, आणि बेसच्या स्पीकरने स्टेजची फळी हलली की तो कंप तुमच्या अंगातून, पट्ट्यातून गिटारमध्येही उतरतो. पिकअपला याची फारशी फिकीर नसते. तो तारेची चुंबकीय हालचाल वाचतो. त्यामुळे पिकअपचा विजेचा सिग्नल वाचणारा कुठलाही ट्यूनर तुमची अडचण सोडवेल, तो गिटारच्या आत असलाच पाहिजे असं नाही. पायाखाली पेडल ट्यूनर ठेवायला जागा असेल तर मी तुम्हाला तेच घ्या म्हणेन. बॉसचा टीयू-२ १९९८ मध्ये आला तेव्हापासून स्टेजवर हीच पद्धत रुळली आहे: पायाने दाबलं की आवाज बंद, समोर दिवे, सूर लावा, पुन्हा दाबा. गिटारला स्क्रू-ड्रायव्हर लावायची गरज नाही, आणि उद्या गिटार बदलली तरी पेडल तुमचंच राहतं. वायरलेस वापरत असाल तर रिसीव्हरनंतर पेडल लावता येतं.

आतला ट्यूनर कुणासाठी? जे सतत फिरत वाजवतात, ज्यांची केबल थेट मिक्सरच्या बॉक्समध्ये जाते, ज्यांना स्टेजवर पायाखाली एक वस्तूही नको असते, किंवा जे कार्यक्रमात खाली वाकून बघू शकत नाहीत अशा जागी उभे असतात, त्यांच्यासाठी. तुमच्या वर्णनावरून तुम्ही यात बसता असं वाटतं, म्हणून पुढे जातो.

तयार गोष्टी साधारण तीन धाटणीच्या निघाल्या. एक, व्हॉल्यूमच्या पॉटची (नॉबखालच्या फिरत्या रेझिस्टरची) जागा घेणारा संच. एन-ट्यून हा त्यातला ओळखीचा. नॉब वर ओढला की ट्यूनर चालू, आवाज बंद, आणि नॉबभोवतीच्या कड्यात स्वरांचे दिवे लागतात. दिसायला देखणा, लाकडाला हात लावावा लागत नाही, पण आत सर्किट आणि नऊ व्होल्टची बॅटरी दोन्ही मावायला हवं. दुसरा प्रकार हमबकर (दुहेरी वेटोळ्याच्या) पिकअपच्या चौकटीतच बसवलेला ट्यूनर, जर्मनीच्या शॅडो कंपनीने केलेला तसा. तुमच्याकडे सिंगल कॉइल असल्याने तो बाद. तिसरा, आपोआप खुंट्या फिरवणारी यंत्रणा. गिब्सनने २०१५ साली आपल्या बहुतेक अमेरिकी मॉडेलांवर जी-फोर्स नावाने ती सरसकट बसवली, गिऱ्हाइकांनी नाकं मुरडली, आणि पुढच्याच वर्षी साध्या खुंट्यांची मालिका पुन्हा वेगळी काढावी लागली. तुम्हाला तिची गरज नाही.

यापलीकडे चौथा मार्ग आहे, आणि आपल्याकडे बहुतेक जण तोच धरतात: बाजारातला छोटा क्लिपवाला ट्यूनर उघडायचा, त्याची सर्किट आणि डिस्प्लेची पट्टी गिटारमध्ये बसवायची. पुढचं सगळं या मार्गाला धरून सांगतो. तयार संचालाही तेच नियम लागू आहेत.

आवाज का बिघडतो

स्ट्रॅटमध्ये पिकअपच्या पुढे २५० किलोओहमचा व्हॉल्यूम पॉट आणि तेवढाच टोन पॉट असतो. वरच्या पट्टीच्या नाजूक स्वरांसाठी हे दोन्ही मिळून सुमारे १२५ किलोओहम. पुढे अॅम्पच्या इनपुटचा साधारण एक मेगओहम. सगळं मिळून पिकअपला सुमारे १११ किलोओहमचा भार दिसतो, आणि स्ट्रॅटचा तो ओळखीचा खणखणीतपणा या आकड्यावर अवलंबून असतो. आता इथेच १०० किलोओहम इनपुटचा ट्यूनर कायमचा जोडून ठेवला तर भार थेट ५३ किलोओहमवर येतो. निम्मा. वरचे स्वर गेलेच म्हणून समजा. ट्यूनरचं इनपुट एक मेगओहमचं असेल तर आकडा १००च्या आसपास राहतो आणि फरक कान लावूनही सहसा कळत नाही. पण स्वस्त ट्यूनरवर इनपुट किती हे छापलेलं नसतं, आणि मोजत बसण्यात अर्थ नाही.

म्हणून नियम एकच ठेवा: वाजवताना ट्यूनर सिग्नलच्या वाटेत नकोच. तो स्विचने पूर्ण तुटलेला हवा, आणि त्याची वीजही तुटलेली हवी. वीज का? कारण ट्यूनरमधली चिप आणि लुकलुकणारे दिवे स्वतःच बारीक किणकिण करतात, आणि सिंगल कॉइल पिकअप ती आनंदाने उचलतात. आवाज बंद असताना किणकिण झाली तर कुणाला ऐकू येत नाही. वाजवताना झाली तर ओव्हरड्राइव्ह (आवाज फाडणारा इफेक्ट) लावल्या लावल्या सगळ्या सभागृहाला ऐकू येते.

स्विच आणि तारा

यासाठी पुश-पुल पॉट घ्या. पॉटच्या बुडाशी सहा पायांचा दुहेरी स्विच असतो, आणि तो पॉटपासून विजेने स्वतंत्र असतो. म्हणजे पॉट टोनचा असला तरी स्विच दुसऱ्याच कामाला लावता येतो. हे महत्त्वाचं आहे, कारण व्हॉल्यूमच्या जागी पुश-पुल टाकला की स्ट्रॅटचा वर निमुळता होत जाणारा प्लास्टिकचा नॉब घामट बोटांनी ओढता येत नाही. स्टेजवर चिडचिड होते. टोनच्या जागी टाका, आणि त्यावर धातूचा खरबरीत नॉब बसवा. किंवा दाबून चालू-बंद होणारा पुश-पुश पॉट मिळाला तर प्रश्नच मिटला.

जोडणी अशी. पाच-मार्गी सिलेक्टरमधून (पिकअप निवडण्याच्या स्विचमधून) व्हॉल्यूम पॉटकडे जाणारी एकच तार असते. ती पॉटच्या पायावरून सोडवा आणि स्विचच्या एका ओळीतल्या मधल्या पायावर आणा. नॉब खाली असताना जो पाय मधल्याशी जुळतो, तिथून व्हॉल्यूम पॉटकडे नवी तार न्या. नॉब वर असताना जुळणारा पाय ट्यूनरच्या इनपुटला. झालं: खाली असताना गिटार जशी होती तशी, वर ओढला की सिग्नल ट्यूनरकडे आणि जॅककडे काही नाही. दुसऱ्या ओळीतून बॅटरीची धन तार न्या, म्हणजे नॉब वर असतानाच ट्यूनरला वीज मिळेल. कुठले पाय वर जुळतात आणि कुठले खाली, हे अंदाजाने ठरवू नका. मल्टीमीटरचा बझर लावून आधी बघा, कारण सगळ्या कंपन्यांची मांडणी सारखी नसते.

व्हॉल्यूम पूर्ण उघडा ठेवून नॉब वर ओढला तर अॅम्पमधून हलकी गुणगुण येऊ शकते. आवाज खाली केला की जाते. बॅटरी वाचवण्यासाठी स्टीरिओ जॅक टाकायची युक्ती अॅक्टिव्ह बेसमध्ये करतात, इथे तिची गरज नाही. नॉब वर राहिला तर गिटार वाजतच नाही, त्यामुळे तो विसरणं कठीण. केबल काढल्यावर मात्र नॉब वर राहू शकतो, तेवढी सवय लावून घ्या.

आता एक बारीक गोष्ट, जी इंटरनेटवरच्या बहुतेक आकृत्यांमध्ये सुटलेली असते. क्लिपवाल्या ट्यूनरची पिझो चकती हा विजेच्या दृष्टीने एक कपॅसिटर आहे. तिच्यातून एकदिश प्रवाह जात नाही. ट्यूनरचं सर्किट हे गृहीत धरून बनवलेलं असतं. चकती काढून तिच्या जागी थेट पिकअप जोडला, तर पिकअप म्हणजे सहा-सात किलोओहमची तार, आणि तीच तार सर्किटच्या इनपुटचं व्होल्टेज खाली ओढते. मग ट्यूनर एक तर मुका होतो, नाहीतर कुठलाही स्वर स्थिर दाखवत नाही. लोकांना वाटतं सोल्डर करताना चिप जळली. उपाय सोपा: मध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा साधा फिल्म कपॅसिटर टाका. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत चिल्लर पैशांत मिळतो. स्विच ओढताना ‘टप्’ असा आवाज आला तर ट्यूनरकडे जाणाऱ्या पायापासून अर्थपर्यंत (अर्थिंगच्या जोडणीपर्यंत) एक मेगओहमचा रेझिस्टर लावा.

चकतीच्या दोन तारांपैकी जी सर्किटच्या बॅटरीच्या ऋण टोकाशी जुळते ती अर्थची. ती व्हॉल्यूम पॉटच्या पाठीवर, बाकीच्या सगळ्या अर्थच्या तारा जिथे येतात तिथेच आणा. दोन वेगवेगळ्या जागी अर्थ केलात तर गुणगुण वाढण्याची शक्यता असते.

जागा कुठे आहे

हे मात्र तुमच्या गिटारवर अवलंबून आहे. पिकगार्ड (पिकअप आणि नॉब ज्यावर बसतात ते समोरचं प्लास्टिकचं झाकण) उघडल्याशिवाय कुणीही छातीठोक सांगू शकणार नाही. मूळ स्ट्रॅटचं अंग सुमारे ४४ मिलिमीटर जाड आणि कंट्रोलची पोकळी साधारण ३८ मिलिमीटर खोल असते. तिथे पुश-पुल आरामात बसतो. स्वस्त गिटारींचं अंग बारीक असतं, पोकळीही उथळ असते, आणि पुश-पुलचं बूड तळाला टेकतं. पॉट विकत घेण्यापूर्वी खोली मोजा. पोकळीच्या काठावर सरळ पट्टी आडवी धरून, कॅलिपरच्या मागच्या दांडीने.

पिकगार्ड काढायला तारा सैल करून बाजूला कराव्या लागतात. मग कडेचे स्क्रू काढायचे. हल्लीच्या पिकगार्डला बहुधा अकरा असतात. पिकगार्ड उचलल्यावर त्याला अंगाशी बांधून ठेवणाऱ्या तारा दोन-तीनच असतात: जॅककडे जाणाऱ्या दोन, आणि मागच्या स्प्रिंगांच्या पंजाकडे जाणारी अर्थची एक. त्या ताणू नका. खाली जाड कापड अंथरा, पिकगार्ड उलटा ठेवा, आणि काहीही सोडवण्याआधी चार कोनांतून फोटो काढा.

ट्यूनरचा डिस्प्ले कुठे बसवायचा, यावर माझं ठाम मत आहे. स्ट्रॅटला दोन टोन पॉट असतात, आणि दुसरा टोन कधी फिरवला हे बहुतेक वादकांना आठवतही नाही. पहिला टोन पॉट सगळ्या पिकअपसाठी सामाईक करून टाका, दुसरा काढून टाका, आणि त्या जागी ट्यूनरची पट्टी बसवा. खाली कंट्रोलची खोल पोकळी आधीच आहे. लाकूड कोरावं लागत नाही. जागा जॅकच्या जवळ असल्याने गिटार किंचित वर कलवली की दिवे दिसतात. पिकगार्डच्या वरच्या शिंगाकडे डिस्प्ले दिसायला जास्त सोयीचा ठरला असता, पण तिथे खाली भरीव लाकूड आहे.

आणि खिडकी मूळ पिकगार्डमध्ये कापू नका. दुसरा पिकगार्ड विकत घ्या, त्यात कापा, मूळचा पेटीत जपून ठेवा. गिटार विकायची वेळ आली तर अर्ध्या तासात पहिल्यासारखी करता येते. एकच काळजी: स्ट्रॅटच्या नावाने मिळणाऱ्या सगळ्या पिकगार्डांची स्क्रूची भोकं एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून जुना पिकगार्ड दुकानात घेऊन जा आणि वर ठेवून बघा. पॉटची भोकंही बघा. अमेरिकी मापाच्या पॉटला साडेनऊ मिलिमीटरचं भोक लागतं, आशियाई छोट्या पॉटला सात-आठचं. भोक मोठं करायचं तर रीमरने, हाताने. ड्रिल लावला की प्लास्टिक चिरतं. नॉबसुद्धा दांड्याच्या जाडीप्रमाणे घ्या. दातेरी दांड्यावर भरीव दांड्याचा नॉब ठोकून बसवलेला मी पाहिला आहे, तो निघताना दांडा घेऊनच निघाला.

खिडकीसाठी कापताना चिकटपट्टी लावून त्यावर आखा, कोपऱ्यांना छोटी भोकं पाडा, मधला भाग बारीक करवतीने काढा आणि कडा कानशीने घासा. डिस्प्ले उभ्या वादकाला सरळ दिसेल असा फिरवून बसवा. समोरच्याला नव्हे, तुम्हाला वाचायचं आहे. पट्टीच्या मागे इन्सुलेशन टेप लावा, कारण पोकळीत तांब्याचं शील्डिंग असेल तर ते पट्टीला टेकून शॉर्ट होतं. शील्डिंग नसेल तर याच वेळी तांब्याची चिकटपट्टी लावून घ्या आणि ती अर्थला जोडा. सिंगल कॉइलच्या गिटारला याचा फायदा ट्यूनरविनाही होतो.

बॅटरी

छोट्या ट्यूनरला सीआर२०३२ ही तीन व्होल्टची नाण्यासारखी बॅटरी लागते. ती पिकगार्डखाली ठेवली तर दर वेळी बदलताना तारा सोडाव्या लागतील, आणि ती नेमकी गणपतीच्या दिवसांत, सलग कार्यक्रम असतानाच संपेल. तिला मागे आणा. कंट्रोलच्या पोकळीतून मागच्या स्प्रिंगांच्या खणात अर्थची तार ज्या भोकातून जाते, त्याच भोकातून आणखी दोन बारीक तारा ओवता येतात. खणात पाचऐवजी तीनच स्प्रिंगा असतील तर कडेला जागा मोकळी असते. तिथे बॅटरीचा होल्डर दुतर्फी टेपने चिकटवा. त्याआधी ट्रेमोलोचा दांडा पूर्ण खाली दाबून आणि पूर्ण वर ओढून बघा, ठोकळा होल्डरला घासता कामा नये. मागचं झाकण काढलं की बॅटरी हातात.

नऊ व्होल्टचा संच घेतलात तर गोष्ट वेगळी. ती बॅटरी साडेसतरा मिलिमीटर जाड आणि जवळजवळ पाच सेंटिमीटर लांब असते. तिच्यासाठी बहुधा मागून लाकूड कोरून उघडझाप होणारी डबी बसवावी लागते. ते काम राउटर आणि साचा असलेल्या माणसाकडूनच करून घ्या. पॉलीच्या जाड रंगावर घरातला ड्रिल टेकला की कपचे उडतात. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर पावसाळ्यात बॅटरीची टोकं हिरवी पडतात. गिटार महिनाभर पडून राहणार असेल तर बॅटरी काढून ठेवा.

पिकगार्ड बंद करण्याआधी तपासणी करा. तारा न चढवताही होते: अॅम्प लावा, आवाज वाढवा, आणि स्क्रू-ड्रायव्हरने पिकअपच्या चुंबकावर हलकेच टकटक करा. नॉब खाली असताना टकटक नीट ऐकू यायला हवी, वर ओढल्यावर थांबायला हवी. मग नॉब पुन्हा खाली करून काही किणकिण उरली आहे का ते ओव्हरड्राइव्ह लावून ऐका. उरली असेल तर बॅटरीच्या दोन तारा एकमेकींना पीळ देऊन सिग्नलच्या तारेपासून दूर न्या. बहुतेक वेळा तेवढ्याने जाते.

शेवटची गोष्ट ट्यूनर निवडताना. ऑर्केस्ट्रात पेटी असेल आणि ती जुनी असेल, तर ती ४४० हर्ट्झच्या प्रमाण सुरावर असेलच असं नाही. गायकाने काळी दोन म्हटलं की ती पेटीची काळी दोन, तुमच्या ट्यूनरची नव्हे. म्हणून ४४० सोडून वरखाली करता येणारा ट्यूनरच उघडा, आणि ते करायचं बटण पिकगार्डबाहेर राहील अशी पट्टी बसवा. काही ट्यूनर वीज तुटली की ही सेटिंग विसरतात, आणि आपण तर दर वेळी वीज तोडणार आहोत. विकत घेतल्यावर, उघडण्याआधी, एकदा बॅटरी काढून पुन्हा घालून बघा. सेटिंग विसरत असेल तर तो ट्यूनर या कामाचा नाही, क्लिप म्हणून वापरा.

पिकगार्ड उघडलात की पोकळीची खोली आणि स्प्रिंगा किती आहेत ते कळवा. पुश-पुल बसणार की बारीक स्विच वेगळा लावावा लागणार, ते त्यावर ठरेल.